गाडी, जेट्टी आणि तिथी

कोकण रेल्वेनं समुद्रावर निघालात? मग पहिली गंमत ऐका. मुंबई ते मडगाव या प्रवासात खिडकीतून समुद्र जवळजवळ दिसतच नाही! रूळ डोंगराच्या अंगानं धावतात आणि खाड्या आतल्या बाजूला ओलांडतात. किनाऱ्यावर त्याच खाड्या ऐसपैस पसरलेल्या, तिथं पैलतीर गाठायला बोट हवी. म्हणून सहल आखताना गाडी आणि बोट यांची सांगड घाला.

रात्रीचा चकवा. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते. शनिवारी जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारचं काढा. नाहीतर आदल्याच रात्री गाडी गेलेली असायची!

कवितेच्या नावाची गाडी. पूर्वी ही राज्यराणी होती. २०१७ मध्ये केशवसुतांच्या 'तुतारी' या कवितेवरून तिचं नाव बदललं. आणि केशवसुतांचं जन्मगाव मालगुंड आपल्या वाटेवरच आहे, थोडं थांबा.

जाताना खेड, येताना रत्नागिरी. परतीचं तिकीट त्याच स्टेशनचं कशाला? खेडला उतरा, एसटीनं दापोली गाठा, तिथून दाभोळ. वाशिष्ठीच्या मुखाशी फेरीबोटीत बसा, की धोपावे, म्हणजेच गुहागरची बाजू. पाण्यातून काही मिनिटं, रस्त्यानं मात्र थेट चिपळूणचा वळसा. गुहागरहून तवसाळ, तिथून दुसरी बोट, शास्त्री नदीचं मुख ओलांडून जयगड. पुढे मालगुंड, गणपतीपुळे आणि रत्नागिरी स्टेशन. एका सहलीत दोन नद्या आणि एक कवी!

नाव जंगलजेट्टी, जंगल कुठंच नाही. गाड्या-माणसं एकत्र वाहून नेणाऱ्या या बोटीला किनाऱ्यावर बरेच जण 'जंगलजेट्टी' म्हणतात. बाजारहाटाला निघालेल्या मावशी, दुचाक्या, मोटारी, टेम्पो, सगळे एकाच डेकवर. जुना शब्द मात्र 'तर'. तर चालवणारा तो तारी. कोकणात आणि गोव्यात हे आडनाव आजही भेटतं.

बेटाचं बेट. रेल्वे नकोच असेल तर गेटवेहून मांडव्याची बोट धरा. अलिबाग, मुरूड करत आगरदांड्याहून दिघी, मग बागमांडल्याहून वेशवी, की आलाच दापोलीच्या वाटेवर. मध्ये राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा पाहा. 'जंजिरा' हा अरबी 'जझीरा'चा अपभ्रंश, अर्थ बेट. म्हणजे 'जंजिरा बेट' म्हणालात की बेट दोनदा झालं.

अंधारातले साडेसहा किलोमीटर. रत्नागिरीहून मुंबईकडे निघालात की थोड्याच वेळात करबुडे बोगदा लागतो. लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर. फोन बंद पडला तर घाबरू नका, गप्पा मारा.

तिकिटाविना परराज्यात. गोव्यातल्या सरकारी फेरीबोटींत पायी प्रवास फुकट. केरीहून तेरेखोल नदी ओलांडली की समोर तेरेखोलचा किल्ला. नदीच्या पलीकडे महाराष्ट्र असेल असं वाटतं ना? पण किल्ला गोव्याचाच!

भरतीची पाऊणकी. आता सगळ्यात कामाची युक्ती. कालनिर्णय उघडा, पक्षातली तिथी पाहा आणि तिला पाऊणनं गुणा. अष्टमी? आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सुमारे सहाला. चतुर्थीला तीनला. साधारण साडेबारा तासांनी पुन्हा भरती, मधे ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा; दक्षिणेला सरकाल तशी भरती थोडी लवकर येते. ओहोटीला गाळ उघडा पडला की लहान धक्क्यांवर लाँचला थांबावं लागतं.

पावसाळ्यात सबुरी. पावसात कोकण रेल्वेचं वेगळं, संथ वेळापत्रक लागतं. गेटवे-मांडवा लाँच तर बंदच. शेवटची फेरी कितीची, हे मात्र बारा महिने धक्क्यावर विचारून घ्या.

गाडी चुकली तर दुसरी मिळते, पण शेवटची जंगलजेट्टी गेली की मुक्काम अलीकडेच. मग खाडीकाठच्या एखाद्या खानावळीत ताज्या बांगड्याची वाट पाहत बसा, आणि उद्याच्या तिथीची पाऊणकी करा.