लिने: चंद्रावरचे एक लहान विवर

चंद्राच्या ईशान्य भागातील मारे सेरेनिटाटिस या विस्तीर्ण मैदानाच्या पश्चिम भागात लिने हे आघातविवर, म्हणजे अशनीच्या धडकेने पडलेला खड्डा, असून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेयस यांचे नाव त्याला दिलेले आहे. त्याचा व्यास सुमारे २.२ किलोमीटर आणि खोली सुमारे अर्धा किलोमीटर आहे. भोवतालचे मैदान गोठलेल्या बेसाल्ट लाव्हाचे व गडद आहे; धडकेच्या वेळी खालचा ताजा खडक भुगा होऊन चहूकडे उधळला गेल्यामुळे विवराभोवती पांढुरके वलय पसरलेले दिसते. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारे भारित कण, आणि सूक्ष्म अशनी यांच्या माऱ्याने असा भुगा काळाच्या ओघात काळवंडतो. लिनेचे वलय अद्याप उजळ असल्याने हे विवर भूवैज्ञानिकदृष्ट्या तरुण ठरते.

१८६६ मध्ये अथेन्स वेधशाळेच्या युलियुस श्मिट यांनी, पूर्वीच्या नकाशांतील हे विवर नाहीसे होऊन तेथे केवळ पांढरा डाग उरल्याचे जाहीर केले, तेव्हा मोठा वाद उद्भवला. वस्तुतः विवराची रुंदी चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाएवढीच असल्याने, सूर्य डोक्यावर असताना सावली पडत नाही आणि लहान दुर्बिणीतून केवळ वलय दिसते. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेने कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांत विवर सुस्पष्ट दिसते. चांगल्या दुर्बिणीतून ते पाहू इच्छिणाऱ्यांनी शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, तेथे सूर्य नुकताच उगवलेला असताना, निरीक्षण करावे.