जुन्या बुलेटला नवं पेट्रोल

ओतीव लोखंडी इंजिनाची जुनी 346 सीसी बुलेट रोजच्या वापरात आणायची, तर रंग आणि क्रोम नंतर. आधी टाकीत टॉर्च मारून पाहा. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, पत्रा आतून गंजतो आणि तोच गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. कोकणच्या पावसाळ्यात उभ्या गाडीला हा धोका जास्त.

इथेनॉलच्या वजनात सुमारे 35 टक्के ऑक्सिजनच असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, घाटात ताकद कमी पडते. प्लग पांढराफटक दिसला तर मेकॅनिककडून थोडा मोठा मेन जेट बसवून घ्या. प्लग फिक्या तपकिरी रंगावर यायला हवा. पेट्रोलची नळी तर लगेचच बदलून इथेनॉलला टिकणारी बसवा. बाकी, गाडी रोज चालवा. पेट्रोल साचू देऊ नका.