किंमत गिऱ्हाइकानें सांगावी!

दुकानदारानें किंमत सांगावी आणि गिऱ्हाइकानें ती कमी करण्याची खटपट करावी, हा व्यवहाराचा जुना परिपाठ आहे. १९९८ सालीं अमेरिकेंत प्राइसलाइन नांवाच्या कंपनीनें हा परिपाठच उलटा केला. 'तुमची किंमत तुम्हीच सांगा' असें तिचें गिऱ्हाइकाला आवाहन होतें. जे वॉकर हा तिचा संस्थापक. एप्रिल १९९८ मध्यें तिनें विमानाचीं तिकिटें या रीतीनें विकावयास आरंभ केला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत हॉटेलांच्या खोल्याहि बोलीवर मिळूं लागल्या. सारा व्यवहार घरबसल्या, इंटरनेटवरून चाले. या बोलींत चतुर लोक स्वस्त खोली कशी मिळवीत, आणि त्या स्वस्ताईचें मोल त्यांना कोणत्या रूपानें द्यावें लागे, हें आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें पाहूं कीं, हॉटेलवाल्यानें कमी पैसे घ्यावेच कां? हॉटेलाची खोली हा दुधाहूनहि नाशवंत माल आहे. नासलेल्या दुधाचें निदान पनीर तरी होतें; पण आज रात्रीं रिकामी राहिलेली खोली उद्यां कोणत्याहि भावानें विकतां येत नाहीं. इमारतीचें व्याज, नोकरांचे पगार, कर हा खर्च प्रवासी आला तरी होतो, न आला तरी होतो. तो आल्यामुळें जो जादा खर्च येतो, तो चादरी धुण्याचा, झाडलोटीचा व पाण्याविजेचा. त्यावर जें मिळेल तें लाभाचेंच.

मग दर उघडपणेंच कां उतरवूं नये? कारण दीडशें डॉलर आनंदानें देणारा व्यापारीहि मग सत्तरच देऊं लागेल. म्हणून मध्यें एक पडदा हवा होता. तो पडदा म्हणजे हॉटेलाचें नांव झांकून ठेवणें. ज्याला अमुकच हॉटेल हवें, त्यानें पुरे पैसे द्यावे. ज्याला केवळ रात्रीपुरता चांगला निवारा हवा, त्यानें पडद्याआडून स्वस्तांत घ्यावा, अशी ही विभागणी होती.

व्यवहाराची रीत अशी असे. प्रवाशानें शहराचा विभाग, हॉटेलाचा दर्जा म्हणजे दोन, तीन किंवा चार तारे, मुक्कामाच्या तारखा आणि आपली किंमत सांगावयाची; सोबत क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्यावयाचा. हॉटेलांनीं आपले गुप्त दर कंपनीकडे आधींच देऊन ठेवलेले असत. एकादा दर बोलींत बसला, कीं कार्डावरून पैसे तत्काळ वळते होत, आणि त्यानंतरच हॉटेलाचें नांव कळे. पुढें बेत फिरो कीं प्रकृति बिघडो, सामान्यतः पैसे परत मिळत नसत.

याला लिलाव म्हणावें, तर चढती बोली बोलणारा प्रतिस्पर्धी समोर नाहीं. आपल्याकडील गुरांच्या बाजाराशीं मात्र याचें कांहीं साम्य आहे. तेथें दलाल रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवितात, आणि भोंवतीं उभ्या असलेल्यांना आंकडा कळत नाहीं. परंतु तेथें बैल तरी उघड्यावर उभा असतो. त्याचे दांत पाहतां येतात. येथें भावहि रुमालाखालीं आणि बैलहि रुमालाखालीं!

आतां बोलीच्या युक्तीकडे वळूं. पहिला नियम असा कीं, बोलण्यापूर्वीं आपली कमाल मर्यादा कागदावर मांडावी. त्याच शहरांत त्याच दर्जाच्या खोलीचा उघडा दर काय आहे, तो पाहावा. मग हॉटवायरसारख्या कंपनीकडील दर पाहावा. सन २००० मध्यें निघालेल्या या कंपनीकडे किंमत दिसते, पण हॉटेलाचें नांव झांकलेलें असतें. बोली न बोलतां झांकलेली खोली ज्या भावांत मिळते, त्याहून जास्त बोलण्यांत कांहींच अर्थ नाहीं. तीच आपली वरची रेघ.

दुसरा नियम, खालून आरंभ करून लहान पायऱ्यांनीं चढावें. समजा, हॉटेलाचा गुप्त दर साठ डॉलर आहे आणि आपण नव्वद बोललों. खोली मिळेल खरी, पण नव्वदच द्यावे लागतील. मधले तीस मध्यस्थाच्या पदरांत पडतील. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालीं दाखविलें कीं, जिंकणाऱ्यानें स्वतःची नव्हे तर दुसऱ्या क्रमांकाची बोली भरावयाची असेल, तर मनांतला खरा आंकडा सांगण्यांतच शहाणपण असतें. त्याला १९९६ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. प्राइसलाइनवर मात्र आपण बोललेलाच आंकडा आपणांस भरावा लागे. म्हणून तेथें मनांतील मर्यादा एकदम उघड करणें म्हणजे हातचे पैसे सोडणें होय.

परंतु कंपनीहि कांहीं भोळी नव्हती. एकदां नाकारलेली मागणी केवळ किंमत वाढवून लगेच पुन्हां करतां येत नसे. ठराविक अवधि थांबावें लागे. मात्र विभाग, दर्जा किंवा तारीख बदलली, तर तत्काळ नवी बोली करतां येई. यांतूनच चतुर प्रवाशांनीं आपली प्रसिद्ध युक्ति काढली. ती उदाहरणानें सांगतों. एका शहराचे 'अ', 'ब', 'क' असे तीन विभाग आहेत. आपणांस 'अ' मध्यें चार तारे हवे आहेत. 'ब' आणि 'क' मध्यें चार किंवा त्याहून अधिक ताऱ्यांचें एकहि हॉटेल नाहीं. प्रथम केवळ 'अ' साठीं साठ बोलावे. नकार आला, तर 'ब' जोडून पासष्ट. पुन्हां नकार, तर 'क' जोडून सत्तर. मागणी दर वेळीं कागदोपत्रीं नवी. पण खोली मिळाली तर ती 'अ' मध्येंच मिळणार, कारण अन्यत्र तसलें हॉटेलच नाहीं. नियम न मोडतां तीन संधि मिळाल्या! मात्र विभागांची माहिती चुकली, तर ही युक्ति अंगाशीं येई व नको त्या भागांत जाऊन राहावें लागे.

तिसरा नियम दिवसाचा. कचेऱ्यांच्या वस्तींतील हॉटेलें शनिवार-रविवारीं ओस पडतात, तर सहलीच्या गांवीं त्याच दिवशीं गर्दी असते. ज्या रात्रीं खोल्या रिकाम्या, त्या रात्रीं बोली नरम ठेवावी. चौथा नियम बेरजेचा. बोललेल्या आंकड्यावर कर व सेवाशुल्क निराळें चढे, आणि कित्येक हॉटेलें तेथें पोंचल्यावर आपलें जादा शुल्क घेत तें आणखी वेगळें. तुलना करावयाची ती शेवटच्या बेरजांची. पहिल्या आंकड्यांची नव्हे.

हें सर्व साधलें, तरी या सौद्यांत माणूस आपली निवड विकून टाकीत असे, हें विसरतां येत नाहीं. खोलींत दोघांची सोय होईल एवढीच हमी असे. एक पलंग कीं दोन, हें हॉटेलाच्या मर्जीवर. एकट्या तरुण प्रवाशाला याचें कांहीं वाटत नाहीं. पण मुलाला भेटावयास परदेशीं गेलेलें वृद्ध जोडपें, गुडघ्यांचा विकार असलेली गृहिणी, किंवा व्हिसाचा भरंवसा नसलेला प्रवासी यांनीं वाचविलेले चाळीस डॉलर एका रात्रींत महाग पडूं शकतात. ज्याच्या गरजा लवचिक, त्यालाच ही स्वस्ताई फळते.

आज प्राइसलाइनवर ही बोली उरलेली नाहीं. २०१६ सालीं विमानाच्या तिकिटांची बोली बंद झाली, आणि पुढें हॉटेलांचीहि. नांव झांकून ठरलेल्या सवलतीच्या दरानें खोली विकण्याची पद्धत मात्र चालू आहे. घासाघीस गेली, पडदा राहिला. म्हणून वरील चार नियमांपैकीं पायऱ्या चढण्याचा नियम आतां सोडून द्यावा, पण उरलेले तीन आजहि गांठीं बांधावे.

आणि झांकलेल्या खोलीसमोर बसून कार्डाचा क्रमांक लिहिण्यापूर्वीं स्वतःला एक प्रश्न विचारावा : 'यांतील वाईटांत वाईट खोली माझ्या वाट्यास आली, तर या पैशांत ती मला चालेल काय?' उत्तर मनापासून 'हो' आलें, तर सौदा अवश्य करावा. तें 'नाहीं' असलें, तर थोडे अधिक पैसे देऊन उघड नांवाची, रद्द करतां येणारी खोली घ्यावी. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.