जुन्या गाडीचा काटा

जळगावच्या सराफ बाजारात मोड घेऊन जाणारा माणूस दोन गोष्टी आधी पाहतो : वजन किती आणि कस किती. तोच माणूस पंधरा वर्षे राबलेली गाडी मोडीत काढायला निघाला, की मात्र ‘एकरकमी काय द्याल?’ एवढेच विचारतो. अशा उभ्या सौद्यात लाभ बहुधा घेणाऱ्याचाच होतो.

भंगारमूल्याचा पाया वजनच होय. रिकाम्या वाहनाचे वजन आरसीवर नोंदलेले असते. मोटारीत लोखंड व पोलाद साधारण ६५ ते ७० टक्के भरते. म्हणजे ८०० किलोच्या गाडीतून ५२० ते ५६० किलो. हिशेबापुरता किलोला २५ रुपये भाव धरला, तर तेवढ्याचेच १३ ते १४ हजार होतात. मारुती ८०० जेमतेम साडेसहाशे किलोची, तर मालट्रक कित्येक टनांचा. दोहोंचे वय सारखे असले तरी मोल सारखे कसे असेल? भाव मात्र स्थिर नसतो. अजिंठ्याचा घाट ओलांडला की जालना. तेथील भट्ट्यांत भंगार वितळून सळया होतात, आणि सळईच्या तेजी-मंदीबरोबर भंगारही हलते.

आता कस. काच, रबर, प्लॅस्टिक काट्यावर भरतात, पण त्यांना भाव नाही. उलट इंजिनातील ॲल्युमिनियम, वायरिंगमधील तांबे, बॅटरीतील शिसे वजनाने थोडे, किमतीने भारी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये तर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते; लोखंडाच्या भावात ते देऊन टाकणारे मालक कमी नाहीत! बॅटरी आणि चाके आधीच काढली असतील, तर आरसीवरचे वजन पुढे करून उपयोग नाही. भुईकाट्याची पावती घ्यावी.

याहून मोठी जोखीम कागदाची. एमएच १८ असो वा एमएच १९, नोंदणी रद्द न करता गाडी दलालाच्या हवाली केली, तर दप्तरी मालक जुनाच राहतो. ती पुन्हा रस्त्यावर येऊन अपघात झाला, तर भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अधिकृत केंद्राकडून ठेव-प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या वाहनाच्या करात खासगीसाठी २५, व्यावसायिकसाठी १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. हलक्या गाडीच्या बाबतीत ही सवलत कधी कधी भंगाराच्या रकमेहून मोठी ठरते. चेसिस क्रमांकाचा कापलेला तुकडा केंद्राला सहा महिने जपून ठेवावा लागतो.