अंड्याचे कवच आणि कोंबडीचा खुराक

कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा हिशेब कारखान्याच्या व दुधाचा हिशेब संस्थेच्या वहीत लिहिला जातो. परसातील कोंबड्यांचा हिशेब मात्र बहुधा गृहिणीच्या मनातच असतो. चार-सहा कोंबड्यांची अंडी आठवडे बाजारी गेली की मीठ-मिरचीचा आणि मुलांच्या वह्यांचा खर्च भागतो. अशा वेळी अंडी टोपलीतच तडकू लागली, अथवा नुसत्या पापुद्र्यात गुंडाळलेले अंडे खुराड्यात सापडले, तर ते नुकसान थेट तिच्या पदरी येते. त्याचे कारण पुष्कळदा खुराकातील कॅल्शियमच्या कमतरतेत असते.

अंड्याच्या कवचाचा सुमारे ९४ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचा असतो. एका कवचात साधारणतः दोन ग्रॅम कॅल्शियम असते. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्म्याच्या आसपास भाग अंगी लागतो. म्हणून अंड्याच्या दिवशी कोंबडीच्या पोटात चारएक ग्रॅम कॅल्शियम जावे लागते. उलट १०० ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम २५ मिलिग्रॅम असते. जिल्ह्याच्या पश्चिम भागात पिकणारी नाचणी याबाबत सर्व धान्यांत सरस. तरी १०० ग्रॅम नाचणीतही ते सुमारे ३४० मिलिग्रॅमच भरते. तात्पर्य, केवळ दाण्यांवर कवच तयार होत नाही.

मोकळी चरणारी कोंबडी गोगलगायी, किडे, पालापाचोळा व माती यांतून काही तूट भरून काढते. परंतु गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी यांसारख्या अतिपावसाच्या तालुक्यांत पावसाळ्यात ती दिवसचे दिवस आडोशाला राहते. तेथील तांबड्या जांभ्या जमिनीतील चुन्याचा अंशही पावसाने धुऊन गेलेला असतो. शिवाय कॅल्शियम शोषले जाण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते सूर्यप्रकाशावर अवलंबून असते. तूट राहिली की कोंबडी स्वतःच्या हाडांतील कॅल्शियम अंड्यासाठी खर्च करते. ते सरत आले की ती लंगडते, कवच पातळ होते आणि शेवटी अंडीच थांबतात.

यावरील उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांचा भरड चुरा अथवा चुनखडीची बारीक खडी एका पसरट भांड्यात खुराड्याजवळ कोरड्या जागी ठेवावी. कवच तयार होण्यास सुमारे वीस तास लागतात व त्यांतील बराच काळ रात्रीचा असतो. त्या वेळी कोंबडी खात नाही. परंतु भरड तुकडे तिच्या पेषणीत राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. म्हणून पिठासारख्या भुकटीपेक्षा जाडसर चुरा अधिक उपयोगी पडतो. घरातील अंड्यांची कवचे तापवून, चुरून दिली तरी चालतात. तापवल्याने रोगजंतू मरतात, आणि चुरल्याने कोंबडीला अंडी फोडून खाण्याची खोड लागत नाही. मात्र विकलेल्या प्रत्येक अंड्याबरोबर कवचही बाजारात जाते. तेव्हा ती तूट बाहेरूनच भरून काढली पाहिजे.

काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. हा चुरा दाण्यांत मिसळू नये. वेगळा ठेवला असता अंड्यावरची कोंबडी गरजेपुरताच उचलते. वाढत्या पिलांना मात्र जादा कॅल्शियमने मूत्रपिंडाचा विकार जडतो, म्हणून त्यांचा खुराक निराळा असावा. पानाला लावण्याचा चुना दाहक असल्याने तो चुनखडीऐवजी वापरू नये. पेषणीत दाणे दळणारी वाळू ही शिंपल्याची जागा घेऊ शकत नाही.

चुरा देऊनही कवच सुधारले नाही, तर कारण अन्य असू शकते. कडक उन्हाळ्यात धापेमुळे कवच पातळ होते. तेव्हा सावली व थंड पाणी हाच उपाय. मानमोडीसारख्या रोगातही अंडी मऊ निघतात. अशा वेळी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा.

सुधारित जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. गावठी कोंबडी थोडी अंडी घालून खुडूक बसते व त्या अवधीत तिची हाडे भरून येतात. अधिक अंडी देणाऱ्या कोंबडीला अशी उसंत मिळत नाही. ओंजळभर शिंपल्यांचा चुरा खुराड्याजवळ असला, तर अंडे टोपलीतून बाजारापर्यंत शाबूत पोहोचते आणि ते देणारी कोंबडीही धडधाकट राहते.