सातांपैकी चार फ्रेम

२००९-१० च्या मोसमात व्यावसायिक स्नूकरमध्ये जागतिक क्रमवारीचे गुण मिळवून देणाऱ्या स्पर्धा फक्त सहा होत्या. पहिल्या सोळा जणांचं बरं चालत असे. त्यांना मुख्य फेरीत थेट प्रवेश, शिवाय निमंत्रितांच्या स्पर्धा आणि प्रदर्शनी सामने. पण क्रमवारीत सत्तराव्या जागेवर असलेला खेळाडू पात्रता फेरीचा पहिलाच सामना हरला, की पुढची स्पर्धा येईपर्यंत क्लबातल्या टेबलावर एकट्याने सराव करत बसे. सहाही ठिकाणी पहिल्याच सामन्यात हरला, तर त्याचं वर्षभराचं खेळणं जेमतेम सहा सामन्यांत आटपायचं. म्हणायला खेळ व्यावसायिक, पण बहुतेकांना त्यात धंदाच नव्हता.

ही अवस्था बदलण्याची भाषा करत बॅरी हर्न पुढे आला. ऐंशीच्या दशकात स्टीव्ह डेव्हिसचा व्यवस्थापक म्हणून स्नूकरला पैसा दाखवणारा आणि नंतर डार्ट्ससारखा दारूच्या गुत्त्यातला खेळ टीव्हीवर गाजवून दाखवणारा हा माणूस. जून २०१० मध्ये खेळाडूंनी मतदान केलं आणि ३५ विरुद्ध २९ अशा निसटत्या बहुमताने खेळाच्या व्यावसायिक कारभारातला ५१ टक्के हिस्सा त्याच्या हाती दिला. त्याआधीच्या मोसमात ‘प्रो चॅलेंज सिरीज’ नावाने छोट्या स्पर्धांची एक मालिका निघाली होती, ती एका वर्षातच बंद पडली. हर्नने मात्र त्याच वाटेवर मोठं पाऊल टाकलं. त्याच उन्हाळ्यात ‘प्लेयर्स टूर चॅम्पियनशिप’ सुरू झाली. खेळाडूंच्या तोंडी ती लगेच ‘पीटीसी’ झाली.

पहिल्या वर्षी बारा स्पर्धा: सहा शेफिल्डच्या अकादमीत, सहा ‘युरोपियन’ म्हणून. त्या सहांतली एक इंग्लंडातल्याच ग्लॉस्टरला झाली, हा भाग वेगळा. सगळे सामने सातांपैकी चार फ्रेमचे, म्हणजे आधी चार फ्रेम (डाव) जिंकेल तो विजयी. विजेत्याला दहा हजार पौंडांच्या आसपास बक्षीस आणि क्रमवारीचे २,००० गुण. त्या काळी जगज्जेत्याला अडीच लाख पौंड आणि १०,००० गुण मिळत, त्यावरून पीटीसीची पायरी कळते. बारा स्पर्धांचा हिशेब जमवून पहिले चोवीस जण अंतिम स्पर्धेला जात. पण त्यासाठी शेफिल्डमध्ये किमान तीन आणि युरोपात किमान तीन स्पर्धा खेळलेल्या असायला हव्यात, अशी अट होती. बड्या खेळाडूंनी घरी बसून राहू नये म्हणून घातलेली ही मेख होती, हे उघड आहे.

शेफिल्डची अकादमी म्हणजे जागतिक स्पर्धा जिथे होते ते क्रूसिबल थिएटर नव्हे. शहर तेच, पण इथे ना अंधारात बसलेले प्रेक्षक, ना नाव पुकारून पडद्याआडून होणारा प्रवेश. ओळीने मांडलेली टेबलं, एकाच वेळी चाललेले सामने आणि पलीकडच्या टेबलावरचा चेंडूंचा आवाज. हौशी खेळाडूलाही प्रवेश शुल्क भरून उतरता येई. तो प्राथमिक फेऱ्यांतून वर आला, की पहिल्या १२८ जणांत त्याची गाठ थेट जगज्जेत्याशी पडू शकत होती. स्टीव्ह डेव्हिस, जिमी व्हाइट यांच्यासारखे बुजुर्गही याच गर्दीत क्यू घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत. शेवटच्या दिवशी जिंकणाऱ्याला एकामागून एक चार-चार, पाच-पाच सामने खेळावे लागत. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना दोन दिवस रेंगाळतो. पीटीसीत तेवढ्या वेळात अर्धी स्पर्धा उरकलेली असे.

सात फ्रेमच्या सामन्यात चांगला खेळाडू सावरण्याआधीच सामना हातून जाऊ शकतो. पीटीसीची खरी गंमत या उणिवेतच होती. नॉर्विचचा बॅरी पिंचेस चाळिशीला टेकलेला, मधल्या फळीत वर्षानुवर्षं घासणारा खेळाडू. पहिल्या मोसमातल्या चौथ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने रॉनी ओ’सलिव्हनला ४-३ असं हरवलं. २०१२ मध्ये लिव्हरपूलच्या रॉड लॉलरने मार्को फूला नमवून करंडक उचलला, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. २०१५ मध्ये जर्मनीतल्या म्युल्हाइमला रोरी मॅक्लाउड ४४ व्या वर्षी जिंकला. पूर्वीच्या व्यवस्थेत या तिघांना अंतिम सामन्याचं टेबल दिसण्याचीही शक्यता फार थोडी होती.

ओ’सलिव्हनचं आणि या मालिकेचं नातं अगदीच विचित्र. तो इथे जिंकलाही, हरलाही, आणि कधी कंटाळून दूरही राहिला. २०१२ चं जगज्जेतेपद मिळवल्यावर पुढच्या मोसमात तो ग्लॉस्टरच्या पीटीसीत एकच सामना खेळला. सायमन बेडफोर्ड नावाच्या फारशा परिचित नसलेल्या खेळाडूकडून ३-४ असा हरला आणि मोसमातून अंगच काढून घेतलं. नंतर एप्रिल २०१३ मध्ये तो थेट क्रूसिबलमध्ये उतरला आणि अंतिम सामन्यात बॅरी हॉकिन्सला १८-१२ ने हरवून पुन्हा जगज्जेता झाला. सतत खेळल्याशिवाय कोणी तयार होत नाही, हा पीटीसीचा सगळा युक्तिवाद त्याने एकट्याने निकालात काढला. पण ओ’सलिव्हनवरून नियम काढणाऱ्याने स्नूकर फारसं पाहिलेलं नसतं.

बाकीच्यांसाठी नियम तोच राहिला: जितके सामने, तितका हात बसतो. जॉन हिगिन्स सहा महिन्यांची बंदी भोगून नोव्हेंबर २०१० मध्ये परतला तो जर्मनीतल्या हाम गावच्या पीटीसीतून. ती स्पर्धा तो जिंकला, डिसेंबरात यूके चॅम्पियनशिप जिंकली आणि मे २०११ मध्ये जगज्जेता झाला. त्या अंतिम सामन्यात त्याच्यासमोर होता २१ वर्षांचा जड ट्रम्प, म्हणजे आदल्या ऑगस्टमध्ये फ्युर्थची पीटीसी जिंकलेला पोरगा.

शतकी ब्रेकचे, म्हणजे एकाच पाळीत शंभर किंवा अधिक गुण मिळवण्याचे आकडेही तेच सांगतात. एका मोसमात सर्वाधिक शतकांचा स्टीफन हेंड्रीचा विक्रम १९९५-९६ पासून अबाधित होता. पीटीसीच्या पहिल्याच वर्षी मार्क सेल्बीने ५४ शतकं करून तो मोडला. २०१३-१४ मध्ये नील रॉबर्टसनने तर १०३ शतकं केली. खेळाडू एकाएकी दुप्पट चांगले झाले, असं यातून कोणी समजू नये. टेबलावर येण्याच्या संधी वाढल्या, हे त्यामागचं मोठं कारण.

फ्युर्थचा उल्लेख आला आहे, तर तिथे थोडं थांबायला हवं. न्यूरेंबर्गला खेटून असलेल्या या बव्हेरियन शहरात २००४ मध्ये एक खुली स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी ती लीड्सच्या पॉल हंटरने जिंकली. देखणा, हसतमुख, तीन वेळा मास्टर्स जिंकलेला हा खेळाडू ऑक्टोबर २००६ मध्ये कर्करोगाने गेला. अठ्ठाविसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. पुढच्या वर्षापासून जर्मनांनी स्पर्धेला त्याचं नाव दिलं: पॉल हंटर क्लासिक. पीटीसीने २०१० मध्ये ही चालती-बोलती स्पर्धा आपल्या मालिकेत घेतली. शेफिल्डला जे नव्हतं ते इथे होतं. तिकीट काढून आलेले प्रेक्षक, नगर सभागृहात भरलेली जत्रा, आणि शेजारच्या टेबलावर ओ’सलिव्हन खेळत असताना स्वतःचा सामना खेळणारे जर्मन हौशी खेळाडू. जर्मनीत स्नूकर युरोस्पोर्टमुळे घराघरात पोचलं होतंच. प्रत्यक्ष खेळाडू गावोगावी येऊ लागले, ते या मालिकेमुळे. नंतर अँटवर्प, वॉर्सा, सोफिया, ग्दिन्या, रिगा, लिस्बन, जिब्राल्टर अशी नावं त्यात येत गेली. बेल्जियमचा लुका ब्रेसेल २०११ मध्ये सोळाव्या वर्षी व्यावसायिक झाला आणि याच सभागृहांतून वाढला. २०२३ मध्ये तो जगज्जेता झाला. मुख्य भूमी युरोपातला तो पहिला.

याच फ्युर्थमध्ये भारतीय स्नूकरचंही एक पान लिहिलं गेलं. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबईच्या आदित्य मेहताने स्टीफन मॅग्वायरविरुद्ध १४७ चा ब्रेक केला. पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा, मग सहाही रंगीत चेंडू क्रमाने, एकही चूक नाही. व्यावसायिक दौऱ्यावर ही कामगिरी करणारा तो पहिला भारतीय. जबलपूरच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १८७५ मध्ये जन्माला घातलेल्या, उटीच्या क्लबात नियम लाभलेल्या खेळात भारतीयाचं पहिलं १४७ व्हायला जवळपास एकशे चाळीस वर्षं लागली, आणि झालं तेही बव्हेरियात. मेहता आदल्या वर्षी दिल्लीच्या इंडियन ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. तिथे डिंग जुनहुईने त्याला ५-० ने हरवलं. पुण्यात जन्मलेला पंकज अडवाणीही त्याच काळात दोन मोसम व्यावसायिक दौऱ्यावर होता. २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली. २०१४ मध्ये मात्र दौरा सोडून तो मायदेशी परतला. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत तयार झालेल्या मुलाला इंग्लंडात बिऱ्हाड थाटून, दर पंधरवड्याला नव्या गावी जाऊन सात फ्रेमचे सामने खेळायचे, ही नोकरी सोपी नव्हतीच.

पैशाच्या बाबतीत तर ती अवघड होती. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण सगळं खेळाडूच्या खिशातून. पहिल्या फेरीत हरलेला घरी जाताना तोट्यातच असे. स्टार खेळाडूंची तक्रार निराळी: थकवा फार, बक्षीस थोडं. क्रमवारी आता वर्षातून एकदा न ठरता मोसमात अनेकदा नव्याने लागू लागली होती. त्यामुळे गैरहजर राहिलं की घसरण ठरलेली. हर्नचं उत्तर सरळ असे: काम हवं असेल तर कामावर या. या भांडणात हर्नची बाजू जास्त खरी होती. पण सत्तराव्या क्रमांकाच्या खेळाडूला दिलेलं ‘काम’ त्याच्याच खर्चाने चालत होतं, ही गोष्ट त्याने कधी नीट सोडवली नाही. त्या काळी महिलांची जगज्जेती असलेली रिआन इव्हान्स पहिल्या मोसमात विशेष प्रवेशिकेवर दौऱ्यावर आली. वर्षभरात तिला एकही सामना जिंकता आला नाही. दार उघडं होतं, पण आत शिरल्यावर टिकायला लागणारं बळ कोणी पुरवत नव्हतं.

वर्षाच्या शेवटी होणारी अंतिम स्पर्धा मात्र टीव्हीसाठी सजवलेली असे. पहिली डब्लिनमध्ये, शॉन मर्फीने मार्टिन गूल्डला ४-० ने हरवून जिंकलेली. २०१२ ची गॉलवेमध्ये स्टीफन लीने जिंकली. पुढच्याच वर्षी सामनेनिश्चितीच्या प्रकरणात त्याच्यावर बारा वर्षांची बंदी आली. सगळ्यात रंगली ती २०१३ ची, पुन्हा गॉलवेमध्ये. डिंग जुनहुई रॉबर्टसनविरुद्ध ०-३ असा पिछाडीवर होता आणि तिथून ४-३ ने जिंकला. सातांपैकी चार या हिशेबात याहून मोठं पुनरागमन शक्यच नाही. २०१५ मध्ये बँकॉकला जो पेरीने मार्क विल्यम्सला ४-३ ने हरवलं आणि चाळिशीत पहिलं मोठं विजेतेपद मिळवलं.

मालिका मरत गेली ती नावं बदलत. २०१२-१३ मध्ये चीनमध्ये आशियाई शाखा उघडली. यिक्सिंग, हाइनिंग अशा शहरांत स्पर्धा झाल्या. त्यानंतर शेफिल्डच्या स्पर्धा बंद होऊन ‘युरोपियन टूर’ आणि ‘आशियाई टूर’ उरल्या. दरम्यान मोठ्या स्पर्धांची संख्या इतकी वाढली, की छोट्यांना दिनदर्शिकेत जागा राहिली नाही. हे हर्नचंच यश आणि पीटीसीची अडचणही तीच. मार्च २०१६ मध्ये मँचेस्टरला शेवटची अंतिम स्पर्धा झाली. मार्क ॲलनने रिकी वॉल्डनला १०-६ ने हरवलं. सहा वर्षं सात फ्रेमवर चाललेल्या मालिकेचा शेवट एकोणीस फ्रेमच्या सामन्याने व्हावा, ही आयोजकांची विनोदबुद्धी की विसराळूपणा, कोण जाणे.

तिची हाडं मात्र आजच्या दौऱ्यात सापडतात. सगळ्यांनी, जगज्जेत्यानेही, पहिल्याच फेरीपासून खेळायचं हा पीटीसीतला १२८ जणांचा आराखडा २०१३-१४ पासून बहुतेक मोठ्या स्पर्धांनी उचलला आणि पहिल्या सोळांची राखीव खुर्ची गेली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या इंग्लिश आणि नॉर्दर्न आयर्लंड ओपनमध्ये आणि त्याच वर्षी पुन्हा सुरू झालेल्या स्कॉटिश ओपनमध्ये सुरुवातीच्या फेऱ्या सातांपैकी चारच्याच होत्या. अंतिम स्पर्धेची ‘प्लेयर्स चॅम्पियनशिप’ झाली आणि वर्षभराच्या कमाईवरून पहिल्या सोळांना बोलवत ती अजून सुरू आहे. फ्युर्थ, रिगा आणि जिब्राल्टरच्या स्पर्धांना पुढच्याच मोसमात क्रमवारीच्या पूर्ण दर्जाची बढती मिळाली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या सावटाखाली, कमी झालेल्या खेळाडूंत, ट्रम्पने जिब्राल्टर ओपन जिंकली. त्या मोसमातलं ते त्याचं क्रमवारीतलं सहावं विजेतेपद होतं, आणि एका मोसमात सहा विजेतेपदं त्याआधी कोणालाही जमली नव्हती.