बोगमाळोची विमानं आणि छपराचा प्रश्न

गोव्यात दाबोळी विमानतळाच्या बाजूने बोगमाळोच्या किनाऱ्याकडे निघालं, की वाटेत नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झालं. आतल्या दालनांत बाँब, पाणतीर, उपकरणं मांडली आहेत. मोठी विमानं मात्र बाहेर, उघड्यावर.

त्यांत सगळ्यांत देखणं म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. माशासारखं बाकदार अंग, लांब सडपातळ पाय, चार इंजिनं आणि प्रत्येक इंजिनात १८ सिलिंडर. शेपटीवर एका उंच पंखाऐवजी तीन बुटके पंख आहेत, कारण एवढं उंच शेपूट त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेलं नसतं. एअर इंडियाने १९५४ पासून ही विमानं परदेशी मार्गांवर उडवली आणि त्यांना राण्यांची नावं दिली. त्यात झाशीची राणीही होती. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि राण्या मागे पडल्या. काही हवाई दलाकडे गेल्या. १९७६ मध्ये त्यांतल्या पाच नौदलाला मिळाल्या आणि दाबोळीहून अरबी समुद्रावर गस्त घालू लागल्या.

याच धावपट्टीवर एका सुपर कॉन्स्टेलेशनने याआधीही इतिहास घडवला होता. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी उखडली. टर्मिनलची इमारत त्यांनी जाणूनबुजून वाचवली. जवळ उभी असलेली दोन पोर्तुगीज विमानं, एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-४, तीही बचावली. रात्री पोर्तुगीजांनी पट्टीच्या एका तुकड्यातले खड्डे घाईघाईने बुजवले, अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना आत बसवलं आणि तेवढ्याशा पट्टीवरून अंधारात दोन्ही विमानं उडवून कराची गाठली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे दाबोळीचा तळ नौदलाने घेतला आणि १९६४ मध्ये आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ तमिळनाडूतल्या सुलूरहून इथे आला.

सुपर कॉन्स्टेलेशनपुढे सी हॉक हे लढाऊ विमान अगदी लहान वाटतं. त्याच्या शेपटीखालचा हूक जरूर पाहावा. विमानवाहू नौकेच्या डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत तो अडकला तर विमान थांबतं, नाही अडकला तर वैमानिकाला त्याच दमात पुन्हा आकाशात उडावं लागतं. मे १९६१ मध्ये विक्रांत या विमानवाहू नौकेवर सी हॉक पहिल्यांदा उतरवलं ते लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी. पुढे ते नौदलप्रमुख झाले. बांगलादेश युद्धात ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरच्या सी हॉकांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले चढवले. तेव्हा विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला होता. डेकवरून विमान उडवायला समोरून वारा लागतो आणि तो जहाजाच्या वेगातून मिळतो. इथे वेगच कमी पडत होता. तरीही मोहीम पार पडली. पाणबुड्या हुडकणारी अलिझे विमानंही त्या मोहिमेत होती.

ती विक्रांत आज नाही. जानेवारी १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि नोव्हेंबर २०१४ पासून तिथल्याच दारूखाना भागात तोडली गेली. तिचं काही पोलाद वितळवून मोटारसायकलच्या टाक्यांत गेलं. तिच्या डेकवर उतरलेल्या जातींची विमानं हात लागेल एवढ्या अंतरावरून पाहायची, तर बोगमाळोला यावं. म्हणूनच हा संग्रह पर्यटकांच्या तासाभराच्या विरंगुळ्यापेक्षा फार मोलाचा आहे.

त्याची काळजी वाटते ती याचमुळे. खारा वारा आणि कोकणपट्टीचा चार महिन्यांचा पाऊस अ‍ॅल्युमिनियमला सोसत नाही. रिव्हेटच्या कडांपाशी मीठ साचतं आणि रंगाखालून पांढरी भुकटी धरू लागते. वरून रंगाचा हात मारला की विमान नवं दिसतं, पण सांध्यात मुरलेलं मीठ त्याने निघत नाही. इथल्या व्हॅम्पायरची गोष्ट आणखी नाजूक. ते जेट असलं तरी वैमानिक बसतो तो भाग प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा, थरावर थर चिकटवून केलेला. अशा लाकडात पाणी शिरलं की थर सुटतात. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात वापिती हे जुनं विमान हँगरमध्ये ठेवलं आहे. लाकूड किंवा कापड असलेली विमानं जगभर अशीच जपतात. बोगमाळोला सगळ्या विमानांवर एकदम छप्पर घालणं खर्चाचं असेल. सुपर कॉन्स्टेलेशनच्या पंखांचा पसाराच जवळजवळ ३८ मीटर आहे. व्हॅम्पायर मात्र लहान आहे, त्याला एक साधी शेड पुरेल. सुरुवात तिथूनच व्हावी आणि शेडमधली पुढची जागा सी हॉकला मिळावी.